‘उचला’ की ‘उठा’

मी भोंगा बोलतोय. बोलतोय कसला, ओरडतोयच. हळू बोलायला मला कुणी शिकवलंच नाही. आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्याचं. कुणाचं पोर हरवलं, कुणाचं माणूस गेलं, कुठल्या दुकानात बियाणं आलं, सगळं माझ्या तोंडून. आणि साहेबांची भाषणं तर इतकी ओकलोय की विचारू नका. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलणार आहे. कानात बोटं घालायची असतील तर आत्ताच घाला.

माझा जन्मच मारहाणीत झाला. कारखान्यात ॲल्युमिनियमचा गोल पत्रा फिरत्या साच्यावर चढवला आणि एका कारागिराने लोखंडी दांडा छातीला लावून तो पत्रा मागे मागे रेटत नेला. पत्रा किंचाळत होता. तो पत्रा म्हणजे मी. कारागीर शेजारच्याला म्हणाला, “ओरडून घेऊ दे त्याला. पुढे स्वतःचं ओरडायला मिळायचं नाही.” माणूस खरं बोलला. मग माझ्या कडा ठोकल्या, भोकं पाडली, राखाडी रंग फासला आणि मला बाजारात ढकललं.

मला विकत घेतलं एका बाईने. लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान तिच्या वडिलांचं, त्यांच्यामागे ती चालवायची. सगळे तिला आवाजवाली म्हणायचे. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीवर वायरींची वेटोळी, टेबलावर उघडी पडलेली यंत्रं, आणि वायरी जोडताना डाग द्यायच्या तापलेल्या खिळ्याचा कायमचा वास. बाकीचे लोक माइकवर टिचक्या मारतात, फुंकर घालतात, हॅलो हॅलो करतात. ही तसलं काही करायची नाही. माइक तोंडाशी धरून शांतपणे म्हणायची, “चमचा, चिमटा, चाळणी.” तिचं म्हणणं, भोंगा कुठे चिरला असेल तर सगळ्यात आधी ‘च’ फाटतो. ‘च’ धड तर भोंगा धड. मी रोज सकाळी तिला धड ‘च’ देत असे आणि मला त्याचा अभिमान होता.

तिचा नवरा धान्याच्या आवारात हमालांचा मुकादम. गडी धिप्पाड, पण घरात मांजर. आवारात मात्र त्याच्या एका शब्दावर काम चालायचं. दोघांनी कमरेचे लोखंडी हूक काढून गोणीत रुतवायचे, तिसऱ्याने वाकून पाठ द्यायची आणि मुकादमाने म्हणायचं, “उचला.” त्या शब्दाआधी कुणी हलायचं नाही. आणि शब्द आला की कुणी थांबायचं नाही, कारण निम्म्यात एकजण थांबला तर दुसऱ्याची पाठ मोडते. हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. डोक्याने ऐकायचा तो शब्दच नव्हता, तो अंगाने ऐकायचा.

त्या टोळीत काडी नावाचा एक हमाल होता. अंगाने काडी, जिभेने आगकाडी. दुपारी डबा खायला दुकानात यायचा आणि आवाजवालीला म्हणायचा, “वहिनी, घरात जपून बोलत जा. जेवण झाल्यावर ताट उचला म्हणालात तर मुकादम कपाट पाठीवर घेतील.” मुकादम खाली मान घालून हसायचा. तीही हसायची. मी भिंतीवरून बघायचो. माझ्या आयुष्यातले बरे दिवस म्हणाल तर तेच.

आता साहेबांकडे, म्हणजे आमच्या भागातून निवडून येणाऱ्या पुढाऱ्याकडे वळतो. मी त्यांचा जाहीर हिशेब सांगू शकतो, कारण तो तीन निवडणुका मीच ओरडून सांगितला आहे.

पहिल्या वेळी ते म्हणाले, “पाण्याच्या पंपाला निम्मं अनुदान देतो.” आणि दिलं, खोटं कशाला बोलू? पण ती बातमी शेतापर्यंत जायच्या आधी दुकानदारांच्या कानावर गेली आणि पंपाची किंमत नेमकी तेवढीच फुगली. शेतकऱ्याला पंप पूर्वीच्याच भावात पडला, सरकारचं अनुदान दुकानदाराच्या गल्ल्यात पडलं. दुकानदारांनी साहेबांचा सत्कार केला. तिथेही मीच होतो. टाळ्या मला ऐकू येतात, त्या कुणाच्या आहेत हेही कळतं.

दुसऱ्या वेळी साहेब शेतीमंत्री झाले. “मका लावा,” म्हणाले. “बियाणं निम्म्या किमतीत, खत निम्म्या किमतीत, आणि पिकेल तो दाणा न् दाणा सरकार हमीभावाने उचलेल.” लोकांनी भाजीपाला मोडला, डाळी सोडल्या, नजर जाईल तिथे मका झाला. दोन हंगाम सरकारने उचललाही. मग कोंबड्यांचे कारखानेवाले साहेबांना भेटले. कोंबड्यांचं खाद्य महाग पडतं, म्हणाले. साहेबांनी परदेशी मक्याला दार उघडून दिलं. बंदरात जहाजं लागली आणि इकडे आमच्या खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं एक यंत्र आलं. ते मक्यात खुपसायचं आणि म्हणायचं, “ओलावा जास्त आहे, घेता येणार नाही.” उन्हात तडकलेल्या मक्यातही ओलावा. आवाजवाली म्हणाली, “यांच्या डोळ्यांत कधी दिसला नाही तेवढा ओलावा त्या मक्यात सापडतोय.”

मका आवारातच राहिला. गोण्यांच्या भिंती झाल्या. खालच्या गोण्यांना कोंब फुटले, मधल्यांत किडे झाले, वरच्यांवर उंदीर नाचले. शेतकरी रोज येऊन आपल्या गोण्यांपाशी बसायचे. हमालही बसून, कारण उचलायला काही नाही तर मजुरी कसली. दोन्हीकडची माणसं बसून बसून चिडली होती. बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा लवकर पेटतो, हे मी उंचावरून पुष्कळदा पाहिलं आहे.

आणि तिसरी निवडणूक आली. साहेबांना वाटलं, खरेदी पुन्हा सुरू केल्याचा एक झकास फोटो हवा. आवारातच सभा ठेवली. आवाजवालीने मला मंचासमोरच्या खांबावर बांधलं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. भोंग्याचं तोंड लोकांकडे असतं. बोलणाऱ्याचा चेहरा मला कधीच दिसत नाही. वायरीतून जे येईल तेवढंच माझं.

सभेआधी साहेबांचा चिटणीस मुकादमाकडे आला. आवाजवाली खांबापाशी वायर जोडत होती, तिनेही ऐकलं. चिटणीस म्हणाला, “साहेब ‘उचला’ म्हणाले की तुमची माणसं मंचाकडे पळत आली पाहिजेत. पहिली गोणी साहेबांसमोर उचलायची. रेंगाळत येऊ नका, जोश दिसू दे.”

काडीने विचारलं, “नुसती गोणी उचलायची, की साहेबांनाही पाठीवर घ्यायचं?”

चिटणीस हसला नाही. त्याने हमालांना सांगितलं आणि निघून गेला. पोलिसांना हे सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

भाषण सुरू झालं. साहेब म्हणाले, “माझी कारकीर्द म्हणजे उघडं पुस्तक आहे.” गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “कोरंच आहे, उघडं ठेवायला काय जातंय.” लोक हसले. शिव्या पचवणारी माणसं मी पाहिली आहेत, हसणं पचवणारं एकही नाही. साहेबांचा आवाज चढला. त्यांनी पंप मोजले, खत मोजलं, मका मोजला. गर्दी म्हणायला लागली, “मका उचला. मका उचला.” आधी काहीजण, मग सगळं आवार. एक कणीस भिरभिरत मंचाकडे गेलं. कुठे लागलं मला दिसलं नाही, पण माइकमध्ये ठक्कन आवाज आला. मग साहेबांचं तोंड माइकपासून लांब गेलं. ते बाजूला वळून कुणाशी तरी बोलत असावेत. आधीचं काही माझ्यापर्यंत आलं नाही, पुढचंही नाही. मधला एकच शब्द आला, आणि तो मी माझ्या पूर्ण ताकदीने आवारभर फेकला.

“उचला.”

हमाल उठले. सांगितलं होतं तसे, जोशात, कमरेचे हूक उपसत मंचाकडे पळाले. त्याच शब्दावर पोलीसही निघाले. त्यांच्या धंद्यात उचलतात ती माणसं. आणि त्यांना समोर काय दिसलं, तर लोखंडी हूक घेऊन मंत्र्यावर धावून येणारी टोळी.

पहिला दंडुका काडीच्या कानशिलात बसला. तो हसतच पळत होता. ते हसू तसंच राहिलं आणि माणूस खाली गेला. मागून येणारे त्याला अडखळून पडले, पडलेल्यांवर दंडुके पडले. शेतकरी मध्ये घुसले. कुणी गोणी फाडली आणि मका सांडला, त्या दाण्यांवरून पोलीस घसरले आणि घसरले म्हणून आणखी चवताळले. एका हमालाने डोक्यावर हात धरले तर हाताची हाडं मोडली. एका पोलिसाच्या मांडीत हूक घुसला. तो कुणी मारला की गर्दीत घुसला, कोण सांगणार. मुकादम काडीपाशी पोचला. तिघे त्याला मारत होते तरी तो वाकून काडीला पाठीवर घ्यायला बघत होता. शब्द मिळाला होता ना. निम्म्यात थांबायचं नसतं. एक फटका त्याच्या डोक्याच्या मागे बसला, त्याचा आवाज मला वर ऐकू आला. कपाट पडावं तसा तो काडीवर पडला.

आवाजवाली यंत्र सोडून त्याच्याकडे पळाली. तिने त्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं, दोन फटके तिच्या पाठीत बसले. मी ओरडू शकलो असतो, पण माइकवर कुणीच नव्हतं. मी जगातला सगळ्यात मोठा आवाज आणि मला साधं “थांबा” म्हणता येईना. त्या दिवशी मला माझ्या जातीचा जितका संताप आला तितका कधी आला नाही.

तेवढ्यात एका शेतकऱ्याने दगड उचलला. “हाच बोलला,” तो ओरडला आणि दगड माझ्यावर भिरकावला. माझी कड आत गेली. दुसऱ्या दगडाने मी खांबावरून खाली आलो. त्याच्यावर मी रागावलो नाही. ज्याच्या तोंडून शब्द येतो त्यालाच लोक मारतात, आणि ज्याचा शब्द असतो तो तोवर गाडीत बसलेला असतो.

काडी मेला. मुकादम जगला, पण त्याची वाचा गेली. माणसं ओळखायचा की नाही तेही कळेना. आणि बरा होतोय न होतोय तोच त्याच्यावर खटला भरला: मंत्र्यावर हत्यारबंद हल्ला केला, टोळीचा म्होरक्या हाच.

सगळं अडलं होतं एका शब्दावर. साहेब ‘उचला’ म्हणाले असतील, तर हमाल सांगितलेल्या कामाला पळाले, हल्ला करायला नाही. म्हणून साहेबांनी सांगितलं, “मी ‘उठा’ म्हणालो. लोकांनी शांतपणे उठून घरी जावं म्हणून. हूक घेऊन माझ्या अंगावर पळत या असं मी कशाला म्हणेन?” चिटणीस म्हणाला, मी हमालांशी बोललोच नाही. शेतकऱ्यांना विचारलं तर निम्म्यांनी ‘उचला’ सांगितलं, निम्मे पुढच्या गोंधळात काही आठवत नाही म्हणाले. आवाजवालीने शपथेवर सांगितलं, तर साहेबांचे वकील म्हणाले, बायकोची साक्ष ती, नवऱ्याच्या बाजूनेच असणार.

माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधून मला मुद्देमालाच्या खोलीत टाकलं होतं. आजूबाजूला सुरे, कुलपं, रक्ताळलेले कपडे. तेही सगळे मुके साक्षीदार. पण त्यांच्या अंगावर काहीतरी राहिलेलं असतं. माझ्या अंगावर काय राहणार? शब्द माझ्यातून जातो, थांबत नाही. मी तळमळत पडून होतो.

मला बाहेर काढलं ते साहेबांच्याच वकिलांनी. ते म्हणाले, “हा भोंगा चिरलेला आहे. याच्यातून ‘उचला’ काय आणि ‘उठा’ काय, सारखंच ऐकू येतं. इथेच लावून बघू या.” न्यायाधीश बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी परवानगी दिली.

कोर्टाच्या खिडकीत मला बांधलं, तोंड आत. बाहेर पटांगणात हमाल बसलेले, आत बाकावर मुकादम, मान खाली, दोन बाजूंना दोन पोलीस. जोडणी करायला आवाजवालीलाच बोलावलं होतं. तिने वायर लावली, माझ्या वाकलेल्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि सवयीने माइकमध्ये म्हणाली, “चमचा, चिमटा, चाळणी.”

कोर्ट हसलं. मी मात्र जीव गोळा केला होता. पत्रा वाकला होता, खरखर होती, पण ‘च’ फाटला नाही. तिने एकदाच वर बघितलं. तिला कळलं.

मग कारकुनाने माइक घेतला. वकिलांनी सांगितलं तसं आधी म्हणाला, “उठा.” लोकांनी इकडे तिकडे बघितलं. मागच्या रांगेतली एक म्हातारी खरंच उठली आणि परत बसली. मुकादम हलला नाही.

मग तो म्हणाला, “उचला.”

मुकादम उभा राहिला. बायकोला न ओळखणारा, स्वतःचं नाव न कळणारा तो माणूस उठला, त्याचा उजवा हात कमरेकडे गेला, तिथे नसलेला हूक त्याने उपसला, आणि गुडघे वाकवून, पाठ आडवी करून तो गोणीची वाट बघत उभा राहिला. माझ्या पाठीमागे पटांगणात सगळे हमाल उभे राहिलेले मला ऐकू आले. त्याच क्षणी दोन्ही पोलीसही हलले. कुणी सांगितलं नव्हतं. एकाने मुकादमाचा दंड पिरगाळला, दुसऱ्याने मानगूट धरून त्याचं डोकं बाकावर दाबलं.

आवाजवालीच्या तोंडून हुंदका निघाला, माइक चालूच होता, तो मी सगळ्यांना ऐकवला. साहेबांचे वकील हातातले कागद नीट लावायला लागले.

न्यायाधीश बाई त्या दृश्याकडे बघत होत्या. वाकलेला माणूस, त्याच्या मानेवरचा हात. मग म्हणाल्या, “सोडा त्यांना.”

पोलिसांनी हात सोडला. पुढच्या तारखेला निकालातही बाईंनी मुकादमाला सोडलं; ‘उठा’वर ही माणसं हलत नाहीत, म्हणाल्या.

साहेबांना काही झालं नाही. ते कुणाकडे वळून बोलले, गोण्या उचला म्हणाले की माणसं, ते मला आजही माहीत नाही. माझं तोंड लोकांकडे होतं. काडीच्या मृत्यूला चेंगराचेंगरी म्हटलं गेलं. दंगलीनंतर मात्र सरकारने आवार धडाधड रिकामं केलं. रक्त लागलेल्या गोण्याही ट्रकमध्ये गेल्या, ओलावा कुणी मोजला नाही. साहेब निवडून आले. यंदा त्यांच्या कारकिर्दीचं जे पत्रक निघालंय त्यात ठळक अक्षरांत आहे, ‘मक्याचा दाणा न् दाणा उचलला.’ म्हटलं तर खोटं नाही.

कोर्टाचं काम संपल्यावर मला दुकानात परत आणलं. साहेबांचा माणूस भाड्याला विचारायला आला होता. आवाजवाली म्हणाली, “भोंगा आहे, पण त्याचा ‘च’ फार स्पष्ट आहे. तुमच्या कामाचा नाही.” तो दुसरीकडून स्पीकरचे काळे डबे घेऊन गेला. आता ती मला कुठेच पाठवत नाही. वाकलेली कडही तिने सरळ केली नाही. मुकादम दिवसभर माझ्याखाली खुर्चीवर बसतो. ती सकाळी माइक धरून चमचा, चिमटा, चाळणी म्हणते आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहते. परवा त्याचे ओठ हलले. आवाज नाही आला. जेवण झाल्यावर ती त्याला ताट ‘घ्या’ म्हणते. तो दुसरा शब्द त्या घरात कुणी काढत नाही. आवारातल्या नव्या मुकादमानेही तो टाकला आहे. तिथेही ‘घ्या’ म्हणतात. हमाल सांगतात, गोणी तितकीच जड आहे, पण पाठ जरा उशिराने वाकते.

मी गंजणार नाही, कारण ॲल्युमिनियम गंजत नाही. नुसता टांगलेला राहीन. माझ्या जागी नवे भोंगे लागतील, नवी अनुदानं जाहीर होतील, नवे साहेब घसा साफ करून उभे राहतील. त्यांना माझं एकच सांगणं आहे. पंप द्या, बियाणं द्या, भाव द्या नाहीतर देऊ नका; ते तुमचं तुम्ही बघा. पण माइकसमोर तो शब्द तोंडात आला तर अर्धा सोडू नका. समोर एक माणूस पाठ वाकवून उभा आहे आणि दुसरा दंडुका घेऊन. दोघेही तुमचंच ऐकतात. काय उचला, ते सांगा. गोणी की माणूस.